किनाऱ्याकाठची पहिली रोड ट्रिप: आधी समुद्राचे वेळापत्रक, मग नकाशा

समुद्राला धरून जाणारा रस्ता नकाशावर पाहिला की फार सोपा वाटतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला जमीन, आणि वाट चुकायला जागाच नाही. प्रत्यक्षात हाच रस्ता खाडी आली की आत वळतो, भूशिर आले की वर चढतो, नदीच्या मुखाशी कधी पुलावरून नेतो तर कधी फेरीबोटीची वाट पाहायला लावतो, आणि काही ठिकाणी तर दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. महामार्गावर गाडी चालवण्याची सवय असलेला माणूस किलोमीटर मोजून दिवस आखतो, आणि किनाऱ्यावर त्याचा हा हिशोब पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कोलमडतो.

म्हणून पहिल्यांदाच अशा प्रवासाला निघणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की किनाऱ्याचा प्रवास तासांत आखावा, आणि ते तास भरती-ओहोटी, उजेड, वारा आणि फेरीबोट यांच्या वेळा पाहून ठरवावेत. खालच्या पायऱ्यांचा क्रमही त्याच विचाराने लावला आहे. बहुतेक नवखे प्रवासी आधी खोल्या राखून ठेवतात आणि मग रस्ता त्या खोल्यांभोवती वाकवतात. येथे मुक्काम मुद्दामच सहाव्या पायरीवर ठेवला आहे.

पायरी १ : प्रदेश ठरवताना मोसमही ठरवावा

एकच किनारा वर्षाच्या दोन टोकांना दोन वेगळे प्रदेश असावेत इतका बदलतो. उन्हाळा म्हणजे स्वच्छ आकाश, हे समीकरण सर्व किनाऱ्यांना लागू पडत नाही. कॅलिफोर्निया, पेरू, उत्तर चिली किंवा नामिबिया यांच्या किनाऱ्यांजवळून थंड सागरी प्रवाह वाहतात. त्या थंड पाण्यावरून तुलनेने उबदार, दमट हवा सरकली की तिच्यातील बाष्प थंड होऊन सूक्ष्म थेंबांचे धुके तयार होते आणि वाऱ्याबरोबर जमिनीवर येते. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ऐन उन्हाळ्यात किनारा धुक्याने झाकलेला असतो आणि काही किलोमीटर आत मात्र लख्ख ऊन असते. ज्याला कड्यांवरून दूरवरचा समुद्र पाहायचा आहे, त्याने सॅन फ्रान्सिस्कोसारख्या किनाऱ्यासाठी उन्हाळा संपल्यानंतरचे आठवडे निवडणे शहाणपणाचे ठरते.

उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर प्रश्न वादळांचा असतो. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. इतर महासागरांचे मोसम वेगळे असतात आणि त्या त्या देशाच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ते सहज सापडतात. उंच अक्षांशांवर पाऊस-वादळापेक्षाही उजेडाची अडचण मोठी असते. स्कॉटलंडच्या उत्तर भागात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य जेमतेम साडेसहा तास क्षितिजावर असतो, तर जूनमध्ये सुमारे अठरा तास. जूनमध्ये एका दिवसात आरामात होणारा टप्पा डिसेंबरमध्ये दोन दिवसांत विभागावा लागतो, नाहीतर ज्या दृश्यांसाठी निघालो तीच अंधारात मागे पडतात.

सर्वसाधारण सल्ला द्यायचाच झाला, तर गर्दीच्या मोसमाच्या आधीचे किंवा नंतरचे तीन-चार आठवडे निवडावेत. रस्ते मोकळे मिळतात, मुक्कामाला पर्याय राहतात, आणि फेरीबोटींच्या फेऱ्या सहसा अजून पूर्ण आटलेल्या नसतात. फक्त आडवेळेला गेल्यास पेट्रोल पंप आणि राहण्याच्या जागा खरोखर चालू आहेत ना, याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण पर्यटनावर चालणारी अनेक किनारी गावे मोसम संपला की निम्मी मिटतात.

पायरी २ : किलोमीटर बाजूला ठेवून तास लिहावेत

ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड २४३ किलोमीटरचा आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात तो बांधला. एवढे अंतर महामार्गावर तीन तासांत कापता येते, पण या रस्त्यावर तेवढ्यात पोहोचणारा माणूस रस्ता पाहून आलेला नसतो, केवळ त्यावरून गेलेला असतो. स्कॉटलंडमधील नॉर्थ कोस्ट ५०० हा सुमारे ८३० किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग तर त्याहून फसवा आहे, कारण त्याच्या बऱ्याच भागात समोरासमोरच्या दोन गाड्यांसाठी मिळून एकच पट्टा आहे.

नकाशाचे ॲप जो वेळ दाखवते, तो न थांबता चालवण्याचा असतो. पुढे संथ जाणारी कॅम्परव्हॅन (आत झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी), अरुंद पुलावर थांबून द्यावी लागणारी वाट, गावातून जाताना कमी करावा लागणारा वेग आणि दर दहा मिनिटांनी गाडीत उठणारा ‘थांबा, थांबा’ हा आवाज, यांतील फारच थोडे त्या आकड्यात धरलेले असते. म्हणून ॲपच्या वेळेला दीडने गुणावे आणि येणारा आकडा निव्वळ चालवण्याचा वेळ समजावा. दीडपट हा काही शास्त्रीय गुणक नाही, पण नवख्याने त्याहून कमी धरू नये.

नंतर एका कागदावर प्रत्येक दिवसासाठी तीन रकाने आखावेत. पहिल्यात दीडपट केलेले चालवण्याचे तास, दुसऱ्यात थांब्यांचे तास, आणि तिसऱ्यात त्या दिवशीचा सूर्योदय व सूर्यास्त. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज उजेडाच्या तासांपेक्षा किमान दोन तासांनी कमी असली पाहिजे. नसेल तर टप्पा तोडावा. चालवण्याचे तास दिवसाला चार, फार तर पाच ठेवावेत. वळणांचा रस्ता सरळ रस्त्यापेक्षा चालकाला लवकर थकवतो आणि मागे बसलेल्यांना मळमळ आणतो, त्यामुळे दर दोन तासांनी किमान पंधरा मिनिटांची विश्रांती हा नियम येथे काटेकोरपणे पाळावा.

थांब्यांचा वेळ धरताना बहुतेकांचा अंदाज चुकतो. रस्त्याकडेच्या सज्जावर, म्हणजे गाडी थांबवून दृश्य पाहण्यासाठी केलेल्या जागेवर, उतरून समुद्र पाहायला वीस मिनिटे लागतात. खाली पुळणीपर्यंत (वाळूच्या किनाऱ्यापर्यंत) पायवाट असेल तर दीड तास जातो. दीपगृह, किल्ला किंवा एखादे संग्रहालय असेल तर दोन तास गृहीत धरावेत. या हिशोबाने दिवसाला दोन मोठे आणि तीन-चार छोटे थांबे, एवढेच मावते. यादीत बारा ठिकाणे असतील तर त्यांतली सात आत्ताच, घरी बसून गाळावीत. रस्त्यावर गाळताना भांडणे होतात, आणि गाळली जातात ती नेमकी दिवसाच्या शेवटची ठिकाणे, चांगली असोत वा नसोत.

पायरी ३ : कोणत्या टोकापासून सुरुवात करायची

हा निर्णय बहुतेक जण विमानाच्या किंवा रेल्वेच्या तिकिटावर सोडून देतात, पण त्याचा परिणाम संपूर्ण प्रवासभर जाणवतो. गाडी रस्त्याच्या ज्या बाजूने चालते, त्याच बाजूला समुद्र येईल अशी दिशा निवडली, तर मध्ये समोरून येणारी वाहने येत नाहीत, सज्जावर वळायला रस्ता ओलांडावा लागत नाही, आणि पुन्हा रस्त्याला लागतानाही एकाच दिशेची वाहने सांभाळावी लागतात. वाहने डावीकडून चालणाऱ्या देशात पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे आणि पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे. उजवीकडून चालणाऱ्या देशात नेमके उलट. बेटाला वळसा घालायचा असेल, तर डावीकडून चालणाऱ्या देशात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरल्यास समुद्र आपल्या बाजूला राहतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मनापासून विचारात घ्यावा. चालकाला किंवा शेजारी बसणाऱ्याला उंचीची भीती वाटत असेल, तर कड्याच्या अगदी धारेवरून जाणारा पट्टा त्याच्यासाठी यातना ठरतो. अशा वेळी उलट दिशा घेऊन डोंगराच्या बाजूने जावे आणि सज्जावर वळताना जास्त काळजी घ्यावी. सौंदर्य थोडे दुरून दिसले तरी चालेल, चालकाचे हात मात्र स्थिर राहिले पाहिजेत.

दिशा ठरवताना सूर्यही पाहावा. पश्चिमेकडे तोंड असलेले कडे सकाळी स्वतःच्याच सावलीत असतात आणि दुपारनंतर उजळतात. पूर्वेच्या किनाऱ्यावर याच्या उलट घडते. शिवाय सूर्यास्ताच्या आधीचा तासभर पश्चिमेकडे गाडी चालवणे टाळावे, कारण खाली आलेला सूर्य आणि पाण्यावरची चकाकी मिळून समोरचा सायकलस्वार दिसेनासा होतो.

पायरी ४ : भरती-ओहोटीचे कोष्टक वाचायला शिकावे

किनाऱ्याच्या प्रवासातील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि शिकायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी दहाला पूर्ण ओहोटी असेल आणि एखादी गुहा पायी पाहता येत असेल, तर चार दिवसांनी त्याच वेळी ती पाहता येईलच असे नाही. काही किनाऱ्यांवर, उदाहरणार्थ मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत, दिवसातून एकच भरती येते. म्हणून कोष्टक नेहमी त्या ठिकाणचे किंवा त्याला सर्वांत जवळच्या बंदराचे पाहावे.

पाणी किती चढते, यातही प्रचंड फरक असतो. कॅनडातील फंडी उपसागराच्या टोकाशी भरती आणि ओहोटी यांच्यातील फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बहुतांश किनाऱ्यांवर तो अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढ-उतार कमी असतो. पुळण, खडकातली डबकी, समुद्रातील कमानी पाहायच्या असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम, पण त्याच दिवसांत परत येणारे पाणीही सर्वांत जास्त असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन बारांश, तिसऱ्याला आणि चौथ्याला प्रत्येकी तीन बारांश, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक, असा ढोबळ हिशोब खलाशी वापरतात. फरक सहा मीटरचा असेल, तर पहिल्या तासात पाणी अर्धा मीटर चढेल आणि तिसऱ्या तासात दीड मीटर. ‘तासभर झाला तरी पाणी फारसे वाढले नाही’ या समजुतीवर खडकाच्या पलीकडे गेलेली माणसे याच कारणाने अडकतात. पायी जायचे असेल तर ओहोटीच्या आधी तासभर निघावे आणि पाणी पूर्ण उतरले की परतीला लागावे.

काही रस्त्यांना तर हे कोष्टक थेट लागू होते. फ्रान्समधील न्वारमुतिए बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पासाज दु ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दीड तास एवढ्याच वेळात तो ओलांडावा असे सांगितले जाते. अडकलेल्यांना चढून बसण्यासाठी त्यावर उंच मनोरे उभारलेले आहेत. इंग्लंडमधील लिंडिसफार्न बेटाचा रस्ताही असाच आहे, आणि फलक स्पष्ट असूनही तेथे पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून लोकांना बाहेर काढावे लागते. अशा रस्त्यावर सुरक्षित वेळेच्या पहिल्या निम्म्या भागातच प्रवेश करावा. पाणी रस्त्यावर आलेले दिसले तर ते कितीही उथळ वाटो, गाडी घालू नये. वादळी वारा किनाऱ्याकडे वाहत असेल, तर प्रत्यक्ष पाणी कोष्टकाच्या आधी आणि जास्त चढते.

कोष्टक वाचताना त्यातील वेळ कोणती, हे तपासण्यास विसरू नये. उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करणाऱ्या देशांत काही कोष्टके मूळ प्रमाणवेळेतच छापलेली असतात, आणि तेथे एका तासाची चूक जिवावर बेतू शकते.

पायरी ५ : फेरीबोटी आणि बंद पडू शकणारे रस्ते

मार्गात फेरीबोट असेल, तर दिवसाचे नियोजन तिच्यापासून मागे मागे करत यावे. शेवटची फेरी किती वाजता आहे, गाडी आधी आरक्षित करावी लागते का, गाडीची लांबी आणि छतावरच्या सामानासह उंची किती चालते, आणि धक्क्यावर किती आधी हजर राहावे लागते, ही माहिती मिळवावी. शेवटच्या फेरीवर कधीही भिस्त ठेवू नये. तिच्या आधीची फेरी आपली समजावी, म्हणजे वाऱ्यामुळे किंवा रांगेमुळे ती चुकली तरी रात्र धक्क्यावर काढावी लागत नाही. बोटीवर हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि हलण्याने वाजणारा अलार्म शक्य असल्यास बंद करावा.

किनारी रस्ते बंद पडतात, आणि पडले की महिनोन्‌महिने बंद राहतात, हे नियोजनात धरलेच पाहिजे. लाटा कड्याचा पाया कोरतात, पाऊस वरचा उतार भिजवतो, आणि मधला रस्ता दोन्हींचा मार खातो. कॅलिफोर्नियाच्या बिग सर भागात मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे डोंगराचा मोठा भाग समुद्रात घसरला. तेथून हायवे १ पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. न्यूझीलंडमध्ये नोव्हेंबर २०१६ मधील कायकोरा भूकंपाने स्टेट हायवे १ चा किनारी भाग दरडींखाली गाडला, आणि तो डिसेंबर २०१७ मध्ये खुला झाला. केप टाउनजवळचा चॅपमन्स पीक ड्राइव्ह दगड कोसळल्यामुळे २००० मध्ये बंद झाला आणि २००३ च्या अखेरीस संरक्षक कामे करून टोल रस्ता म्हणून सुरू झाला. हवामान बिघडले की तो आजही बंद ठेवला जातो.

म्हणून प्रत्येक दिवसाच्या टप्प्यासाठी जमिनीच्या आतल्या बाजूने जाणारा एक पर्यायी रस्ता नकाशावर वेगळ्या रंगात आखून ठेवावा, आणि किनाऱ्याला त्याला जोडणारे आडवे रस्ते कोठे आहेत हे पाहावे. दोन आडव्या रस्त्यांमधील अंतर जेवढे जास्त, तेवढा तो टप्पा जोखमीचा, कारण पुढे दरड पडली तर तेवढे सगळे मागे यावे लागते. रस्ते विभागाचे अधिकृत संकेतस्थळ निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी, असे दोनदा पाहावे. नकाशाच्या ॲपवर रस्ता उघडा दिसला म्हणजे तो उघडाच असतो असे नाही.

काही रस्त्यांवर गर्दीमुळेही निर्बंध असतात. इटलीतील अमाल्फी किनाऱ्यावर गर्दीच्या मोसमातील ठरावीक दिवशी गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सम आहे की विषम, यावरून रस्त्यावर येण्याची परवानगी ठरते. मोठी कॅम्परव्हॅन घेऊन जाणाऱ्यांनी तर लांबी-रुंदीचे निर्बंध आधीच पाहावेत.

पायरी ६ : आता मुक्काम

एवढे झाल्यावर मुक्काम ठरवणे सोपे जाते. रोज नवी जागा घेण्यापेक्षा एका ठिकाणी दोन रात्री राहून दोन्ही बाजूंचा किनारा पाहावा. त्यामुळे सामान बांधण्या-सोडण्यात जाणारा वेळ वाचतो आणि हवामान बिघडलेच तर एक दिवस हाताशी राहतो. दर चार-पाच दिवसांनी एक दिवस गाडी अजिबात न चालवण्याचा ठेवावा. पहिली आणि शेवटची रात्र आधीच पक्की करावी, आणि मधल्या जागा शक्य तोवर रद्द करता येतील अशा अटीवर घ्याव्यात. मुक्कामाला उजेड असतानाच पोहोचावे.

पायरी ७ : गाडी, कागदपत्रे आणि विमा

अरुंद किनारी रस्त्यांवर लहान गाडी हाच सर्वांत मोठा आराम आहे. सामान आणि माणसे मावतील एवढी, त्याहून मोठी नको. स्वतःची गाडी असेल तर निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, वायपरची रबरे आणि हेडलाइट तपासून घ्यावेत, आणि स्टेपनीत हवा आहे ना, जॅक व पाना जागेवर आहेत ना, हे स्वतः पाहावे. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी खालचा गिअर वापरायची सवय नसेल, तर ती घराजवळच्या उतारावर करून घ्यावी.

भाड्याची गाडी घेताना विम्याची कलमे शब्दन्‌शब्द वाचावीत, कारण किनाऱ्यावर होणारे नुकसान पुष्कळदा साध्या विम्यातून वगळलेले असते. टायर, काचा, गाडीचा तळ, वाऱ्याने उलटे उघडून वाकलेले दार आणि पाण्यात शिरल्याने बिघडलेले इंजिन, यांबद्दल स्पष्ट विचारावे. आइसलँडमध्ये वाळू आणि राखेच्या वादळाने रंग खरवडला जाण्याविरुद्ध वेगळे विमासंरक्षण विकले जाते, यावरून तेथील वाऱ्याची कल्पना येईल. पुळणीवर गाडी घातल्यास विमा लागू होत नाही, असे बहुतेक करारांत असते. नवख्याने भाड्याची असो वा स्वतःची, गाडी वाळूवर घालूच नये. वाळूत चालवण्यासाठी टायरची हवा बरीच कमी करावी लागते, बाहेर पडल्यावर ती पुन्हा भरावी लागते, आणि हे सगळे चढत्या पाण्याकडे लक्ष ठेवून करावे लागते.

परदेशात जात असाल, तर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारानुसारचा हवा की १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा, हे तपासावे. जिनिव्हा करारानुसारचा परवाना एक वर्ष चालतो. जपानमध्ये आंतरराष्ट्रीय परवान्यांपैकी १९४९ च्या करारानुसारचाच चालतो. हा परवाना मूळ परवान्याचा पर्याय नसतो, म्हणून दोन्ही जवळ ठेवावे लागतात.

इंधनाच्या बाबतीत नियम साधा आहे: टाकी निम्मी झाली की पुढचा पंप आपला. विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी प्रत्येक टप्प्यात एका चार्जिंग केंद्राऐवजी दोन निश्चित करावीत, आणि समोरून जोराचा वारा व चढ-उतार यांमुळे पल्ला कमी होतो हे धरून चालावे. कड्यांच्या आड मोबाइलचे नेटवर्क जाते, म्हणून संपूर्ण प्रदेशाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्यावा आणि शक्य असल्यास कागदी नकाशाही ठेवावा. युरोपीय संघातील देशांत आणि भारतासह इतर अनेक देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो. इतर देशांचा क्रमांक आधी पाहून डॅशबोर्डवर चिकटवावा.

पायरी ८ : प्रत्यक्ष चालवताना

एकाच पट्ट्याच्या रस्त्यावर समोरून वाहन आले की जवळच्या रुंद जागेपाशी थांबून वाट द्यायची असते. ती जागा आपल्या बाजूला असेल तर तिच्यात शिरावे. समोरच्या बाजूला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे, म्हणजे येणारे वाहन तिच्यात वळून निघून जाते. चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. या जागा गाड्या उभ्या करून छायाचित्रे काढण्यासाठी नसतात. मागून येणारा आपल्यापेक्षा वेगात असेल, तर पहिल्या सुरक्षित ठिकाणी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यावे. त्याच्यासाठी तो रोजच्या कामावर जाण्याचा रस्ता असतो.

चालकाने समुद्र पाहू नये. हे कठोर वाटेल, पण दृश्याकडे वळलेल्या नजरेबरोबर स्टिअरिंगही वळते. पाहायचे असेल तेव्हा थांबून पाहावे, आणि चालक बदलता येत असेल तर दर थांब्यावर बदलावा.

धुके आले तर हेडलाइट लो बीमवर ठेवावेत. हाय बीमचा प्रकाश धुक्यातील थेंबांवरून परत डोळ्यांत येतो आणि दिसते तेही दिसेनासे होते. वेग इतका कमी करावा, की जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. धुक्यात रस्त्याच्या कडेवर मात्र थांबू नये, पूर्ण बाजूला जाता आले तरच थांबावे.

वाऱ्याचा दिनक्रम ओळखून ठेवल्यास उपयोग होतो. दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात; त्यांचा जोर दुपारी वाढतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे समुद्राकडे वाहतात. उंच कॅम्परव्हॅन, मोटारसायकल किंवा छतावर सामान बांधलेली गाडी असेल, तर उघडे पूल आणि भूशिरे सकाळी ओलांडावीत. नॉर्वेचा अटलांटिक रोड १९८९ मध्ये खुला झाला; जेमतेम सव्वाआठ किलोमीटरच्या त्या अंतरात आठ पूल आहेत, आणि शरद ऋतूतील वादळांत लाटा थेट रस्त्यापर्यंत उसळतात. अशा ठिकाणी बोगद्यातून किंवा कड्याच्या आडोशातून बाहेर पडताना वाऱ्याचा धक्का एकदम आडवा बसतो, त्यामुळे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत. थांबल्यावर गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि दार हाताने धरूनच उघडावे.

काचेवर खारट तुषारांचा थर बसतो आणि सूर्य समोर आला की तो पांढरा चमकतो. वायपर कोरडा फिरवल्यास काच आणखी धूसर होते, म्हणून वॉशरची टाकी भरलेली ठेवावी आणि रोज सकाळी काच आतून-बाहेरून गोड्या पाण्याने पुसावी.

पायरी ९ : गाडीतून उतरल्यावर

कड्याच्या कुंपणापलीकडे जाऊ नये, आणि कड्याच्या अगदी खाली बसूही नये. वरून दगड सुटतात. समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. आइसलँडच्या रेनिसफ्यारा पुळणीवर शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट इतरांपेक्षा खूप वर येते आणि माणसांना ओढून नेते. तेथे असे मृत्यू झालेले आहेत. ओला खडक दिसला, म्हणजे लाट तेथवर येते असे समजावे.

पोहायचे असेल तर जीवरक्षक असलेल्या ठिकाणीच, आणि बऱ्याच देशांत लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहावे. लाटांच्या रांगेत मध्येच शांत, गडद दिसणारा पट्टा बहुधा समुद्राकडे परत जाणाऱ्या ओढीचा असतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा प्रयत्न करू नये. ओढ अरुंद असते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहून तिच्याबाहेर यावे आणि मग किनारा गाठावा. दमल्यास पाठीवर तरंगत राहावे आणि हात उंचावून मदत मागावी.

भूकंपप्रवण किनाऱ्यावर त्सुनामीच्या वेळी बाहेर पडण्याच्या वाटांचे फलक लावलेले असतात. मुक्कामाला पोहोचल्यावर ती वाट एकदा पाहून ठेवावी. वीस सेकंदांहून अधिक काळ जमीन हलली, किंवा समुद्र अचानक नेहमीपेक्षा खूप आत हटला, तर भोंग्याची वाट न पाहता पायी उंच जागी जावे. पहिल्या लाटेनंतर खाली उतरू नये, कारण पुढच्या लाटा तिच्याहून मोठ्या असू शकतात.

पायरी १० : रोज संध्याकाळी, आणि परतल्यावर

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे काढून दुसऱ्या दिवसाचे चार आकडे कागदावर लिहावेत: ओहोटीची वेळ, सूर्यास्त, दुपारच्या वाऱ्याचा अंदाज, आणि फेरीबोट असल्यास तिची वेळ. त्याखाली रस्ता उघडा असल्याची नोंद करावी. आदल्या दिवशी ठरलेल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, हेही लिहावे. तिसऱ्या दिवसापर्यंत आपला स्वतःचा गुणक कळतो. तो दीडऐवजी दोन निघाला, तर उरलेल्या दिवसांतील एकेक थांबा निःसंकोच कमी करावा.

परतल्यावर गाडी धुताना वरचा रंग चमकवून थांबू नये. मीठ साचते ते चाकांच्या कमानींत, तळाशी, ब्रेकच्या भोवती आणि दारांच्या खालच्या कडांत, आणि तेथूनच गंज सुरू होतो. गोड्या पाण्याचा जोरदार फवारा तळातून मारून घ्यावा, पायपुसणी काढून खालची वाळू झाडावी, आणि गाडी पूर्ण सुकल्यावरच तिच्यावर आच्छादन घालावे. प्रवास आठवड्याहून लांब असेल, तर तळाची ही धुलाई मध्येही एकदा करावी. भाड्याची गाडी परत करताना ती उजेडात, सर्व बाजूंनी आणि चाकांसकट छायाचित्रे काढूनच द्यावी, आणि तपासणीच्या कागदावर सही घेतल्याशिवाय किल्ली हातातून सोडू नये.